हीटर पूर्ण चालू ठेवा

आमच्या कंपनीत सैन्यासाठी गाड्या बनतात. लढणाऱ्या नव्हेत, वाहणाऱ्या. माणसं, पाणी, तंबू, बटाटे, दारूगोळा, जे म्हणाल ते पाठीवर टाकून डोंगर चढायचा, एवढंच त्यांचं आयुष्य. दिसायला गाडी म्हणजे चाकं लावलेलं कपाट. काचा उघडत नाहीत, कारण काच उघडली की धूळ आत येते आणि कधीकधी धुळीबरोबर इतरही गोष्टी येतात.

गाडी सैन्याच्या ताब्यात जाण्याआधी तिला भट्टीत घालतात. भट्टी म्हणजे एक मोठी बंद खोली. तिचं तापमान पन्नास अंशांवर नेतात, छतावरचे दिवे डोक्यावर उन्हाचं काम करतात, आणि गाडीची चाकं जमिनीतल्या रोलरवर फिरत राहतात. रोलरला मागून इतका जोर लावलेला असतो की गाडीला वाटतं आपण भरलेला ट्रेलर ओढत घाट चढतोय. प्रत्यक्षात ती कुठेच जात नसते. माझे मामा तिथे बावीस वर्षं टेस्ट ड्रायव्हर होते. त्यांनी चार लाख किलोमीटर गाडी चालवली आणि एकदाही खोलीबाहेर पडले नाहीत.

मला तिथे चिकटवलं ते मामांनीच. माझं काम तारा लावण्याचं. टेस्टच्या आधी गाडीच्या अंगाला बेचाळीस ठिकाणी तापमान मोजणाऱ्या तारा लावायच्या आणि काचेपलीकडच्या खोलीत बसून बेचाळीस आकडे बघायचे. त्या खोलीत एसी आहे. कॉम्प्युटरला उकाडा सोसत नाही.

टेस्टचं नियमांचं पुस्तक चौसष्ट पानांचं आहे. रेडिएटरमधलं पाणी एकशे दहाच्या वर जाता कामा नये. इंजिनच्या तेलाला मर्यादा आहे, गिअरबॉक्सच्या तेलाला आहे, टायरला आहे, बॅटरीला आहे. टेस्ट संपल्यावर गाडीला दोन तास सावलीत विश्रांती द्यावी असंही लिहिलंय. ड्रायव्हरचा उल्लेख एकदाच आहे, पान अकरावर: त्याचं वजन पंचाहत्तर किलो धरावं.

आता आशीर्वादाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

केबिनमध्ये हीटर असतो. थंडीच्या मुलखात ड्रायव्हर गोठू नये म्हणून इंजिनचं उकळतं पाणी एका नळीतून केबिनमध्ये आणायचं, त्यावरून पंख्यानं हवा सोडायची, झाला हीटर. म्हणजे इंजिनची उष्णता काढून माणसाच्या अंगावर ओतायची. एखादी गाडी टेस्टमध्ये तीन-चार अंशांनी नापास होत असली की मामा हळूच हीटर पूर्ण उघडायचे. तीन-चार अंश केबिनमध्ये यायचे, म्हणजे मामांमध्ये यायचे, आणि गाडी पास व्हायची. चौसष्ट पानांत एसी बंद ठेवा असं दोनदा लिहिलंय. हीटर बंद ठेवा असं कुठेच नाही. पन्नास अंशांत कुणी हीटर लावेल हे पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नाही. तो शहाणा माणूस असणार.

याला आमच्याकडे ‘मामांचा आशीर्वाद’ म्हणत. साहेब माइकवर एवढंच म्हणायचे, “मामा, आशीर्वाद असू द्या.” साहेबांना सगळे मागे दशांश म्हणत, कारण ते लग्नाला किती वर्षं झाली हेसुद्धा एका दशांश स्थळापर्यंत सांगायचे.

आणि दादा. दादा म्हणजे मामांचा मुलगा, माझा मामेभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. सैन्यात ड्रायव्हर. ही नवी गाडी पहिल्यांदा त्याच्याच तुकडीला मिळणार हे त्यानं टेस्टच्या आठवडाभर आधी फोनवर सांगितलं. त्यांचा तळ अशा ठिकाणी होता जिथे उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीला हात लावला की हात काढून घ्यायला दोन माणसं लागतात. हे दादाचं वाक्य. आमच्या घराण्यात सगळे असंच बोलतात, एकट्या मामी सोडून. त्या खरं बोलतात.

फोन ठेवल्यावर मामी म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही दोघं तपासणार ती गाडी हाच चालवणार?”

“हो,” मामा म्हणाले.

“मग नीट तपासा.”

मामांनी त्यावर विनोद केला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

टेस्टच्या दिवशी सकाळी सैन्याचा निरीक्षक आला. कमी बोलणारा, फळीला फॉर्म लावून उभा राहणारा माणूस. आम्ही त्याला स्टॉपवॉच म्हणायचो. तो कुणाचं ऐकायचा नाही, कुणाचा चहा घ्यायचा नाही, आणि फॉर्ममध्ये जो रकाना नाही तिकडे बघायचाही नाही. याआधी ही गाडी दोनदा नापास झाली होती, एकदा एकशे तेरावर, एकदा एकशे साडेबारावर. मधल्या काळात पंखा बदलला होता, पंख्याचं सांगत होते तेवढं काही झालं नव्हतं, आणि मोठा रेडिएटर बसवायचा तर पुढचा पत्रा नव्यानं काढावा लागणार होता. म्हणजे आणखी आठ महिने. ऑर्डर रद्द.

मामा आत बसले. मामा आत जाताना नेहमी काचेकडे बघून प्रवासाला निघाल्यासारखा हात हलवायचे. त्या दिवशीही हलवला.

पस्तीस मिनिटं झाली. पाणी एकशे आठ, एकशे नऊ, एकशे साडेदहा.

साहेबांनी माइक उचलला. “मामा, आशीर्वाद असू द्या.”

आतून आवाज आला, “असू दिलाय, साहेब.”

एकशे अकरा. एकशे बारा. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एकशे तेरा पूर्णांक दोनला त्यांनी टेस्ट थांबवली. स्टॉपवॉचनं रकाना भरला आणि तो जेवायला गेला. एकटाच, डबा घेऊन.

“सदतीस नंबर किती होता?” साहेबांनी मला विचारलं.

सदतीस नंबरची तार हीटरच्या नळीवर असते. हीटर उघडला की ती नळी तापते. मी सबंध वेळ तीच बघत होतो. ती गार होती. मामांनी हीटरला हातही लावला नव्हता.

“सदतीस बिघडलीय साहेब,” मी म्हणालो. “सकाळपासून काहीतरीच दाखवतेय.”

“काहीतरी म्हणजे किती?”

“काहीतरीच.”

दशांश साहेबांना या उत्तराचा फार त्रास झाला. तेवढ्यात मामा बाहेर आले. चेहरा उकडलेल्या बिटासारखा, सदरा अंगाला चिकटलेला.

“लावला होता हो, साहेब,” मामा म्हणाले. “नाही उतरत. गाडीच नालायक आहे. पुढचा पत्रा काढा, मोठा रेडिएटर बसवा.”

“मामा, तुमचा मुलगा जाणार आहे ना त्या तुकडीत?”

“मुलाचा काय संबंध?”

“नाही, विचारलं.”

साहेब वाईट नव्हते. त्यांना ही गाडी पास करायची होती, कारण त्यांच्यावरच्यांना ती पास करायची होती, आणि त्यांच्यावरच्यांना झोप हवी होती. ते म्हणाले, “दुपारी आणखी एक संधी आहे. मामांचं बीपी वाढलेलं दिसतंय. भाचा बसेल.”

“त्याला सवय नाही,” मामा म्हणाले.

“लायसन्स आहे ना त्याच्याकडे?”

लायसन्स होतं. मामांनीच काढायला लावलं होतं. माझं कंत्राट त्या महिन्याच्या एकतीस तारखेला संपत होतं, आणि हे साहेबांना तोंडपाठ होतं, पण त्यांनी तो विषय काढला नाही. फक्त एकदा कॅलेंडरकडे पाहिलं. दुपारी माझी जागा मामांनी घ्यायची, आकडे बघायचे, असं ठरलं.

जेवणाच्या सुट्टीत मामा माझ्याशी बोलले ते एवढंच.

“आत गेल्यावर हात मांडीखाली ठेव.”

“मग स्टिअरिंग कोण धरणार?”

“रोलरवर आहे गाडी, कुठे जाणार? हात मांडीखाली. कळलं?”

“कळलं.”

हसलो दोघंही. पण ते थट्टा करत नव्हते आणि मीही समजलो होतो.

आत बसल्यावर पहिली दहा मिनिटं माणूस विचार करतो. पुढची दहा मिनिटं माणूस घड्याळ बघतो. त्यानंतर डोक्यात फक्त समोरचा काटा उरतो. सव्वादोन वर्षं मी काटे आणि आकडे बघून पोट भरत होतो. आकडा मर्यादेकडे सरकायला लागला की माझी मान आपोआप ताठ व्हायची. मर्यादा ओलांडली की कुणीतरी काहीतरी करायचं आणि आकडा खाली यायचा. असंच चालत आलेलं. आकडा वर जातोय आणि कुणीच काही करत नाही, हे मी कधी पाहिलं नव्हतं. सकाळचं सोडून, आणि सकाळी मी एसीत होतो.

बत्तिसाव्या मिनिटाला काटा लाल पट्टीला टेकला. काचेपलीकडे चार चेहरे होते. साहेबांचा, स्टॉपवॉचचा, कुठल्यातरी वरच्या माणसाचा आणि मामांचा. आशीर्वाद मागितलाच नाही कुणी.

मला कंत्राट आठवलं का? नाही. दादा आठवला का? तोही नाही. खोटं कशाला सांगू. मला त्या काट्याची लाज वाटली. सगळ्यांसमोर आपल्या ताटातून काहीतरी सांडावं तशी. उजवा हात मांडीखालून निघाला आणि हीटरचं बटण चारवर, म्हणजे शेवटापर्यंत गेलं.

मग जे झालं ते गरम नव्हतं. गरम म्हणजे चहा. हे म्हणजे कुणीतरी तापलेली चादर तोंडावर दाबून धरावी आणि मायेनं विचारावं, थंडी नाही ना वाजत? डोळ्यांतलं पाणी सुकलं. पायात गोळा आला. सीटच्या लोखंडी दांड्याला कोपर टेकलं तिथे पांढरा चट्टा उठला. काटा मात्र वळला. एकशे दहा. एकशे नऊ पूर्णांक सहा. एकशे नऊ पूर्णांक चार. आणि तिथे थांबला. नियम असा की तापमान पंधरा मिनिटं स्थिर राहिलं पाहिजे. ती पंधरा मिनिटं मला आठवत नाहीत. मी बसलेला होतो एवढं रेकॉर्डवर आहे, कारण सीटवर वजन होतं.

बाहेर आलो ते भिंतीला धरून. ओकलो. मामांनी मीठ-साखरेचं पाणी दिलं, डोक्यावर ओला पंचा ठेवला.

“सदतीस चांगली चालतेय,” मामा म्हणाले. “झरझर चढली.”

मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

“सांगितलंत?”

“कुणाला?”

“स्टॉपवॉचला.”

मामांनी पंचा पिळून पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवला. “तुझा हात होता रे,” ते म्हणाले. “परक्याचा असता तर सांगितलं असतं.”

ते तेव्हाही सांगू शकले असते. मीही. स्टॉपवॉच वीस पावलांवर उभा होता. आम्ही दोघं मिठाचं पाणी पीत बसलो.

आणि गंमत अशी की स्टॉपवॉचला काही सांगायची गरजच नव्हती. टेस्ट संपल्यावर केबिनमधलं प्रत्येक बटण कुठल्या जागी आहे ते लिहायचा रकाना त्याच्या फॉर्ममध्ये होता. मी उतरताना हीटर बंद करायला विसरलो होतो. त्यानं गाडीत चढून सगळं शांतपणे लिहून घेतलं. दिवे: बंद. वायपर: बंद. एसी: बंद. हीटर: चार. त्याला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटण्याचा रकाना नव्हता.

तो कागद वर गेला. आठवडाभर साहेबांनी नखं खाल्ली, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपर्यंत. मग वरून उत्तर आलं. गाडी पास. मात्र ज्या परिस्थितीत ती पास झाली ती परिस्थिती वापरतानाही पाळावी. म्हणजे गाडीबरोबर ड्रायव्हरला जे पुस्तक मिळतं त्यात एक ओळ वाढवायची आणि डॅशबोर्डवर एक स्टिकर लावायचं: ‘बाहेरील तापमान बेचाळीसच्या वर असताना चढावर हीटर पूर्ण चालू ठेवा.’

साहेब स्टिकरचा नमुना घेऊन माझ्याकडे आले. खूश होते. “बघ, आता लपवाछपवी काही राहिलीच नाही. सगळं उघड.” स्टिकरवर एक हसरा सूर्य काढला होता. मी शुद्धलेखन तपासलं. बरोबर होतं.

मी एकदा पत्र लिहायला घेतलं होतं, सैन्याच्या कचेरीला. ‘महोदय’ लिहिलं. मग वाटलं, ह्यांना कळवायचं काय? त्यांनीच तर छापलंय. एकतीस तारखेला माझं कंत्राट वाढलं. त्या दिवशी मामा आमच्या घरी आले नाहीत, पेढे मामींनी एकट्यांनी घेतले आणि म्हणाल्या, “ह्यांना गोड नको झालंय हल्ली.”

मामांनी दादाला फोनवर सांगितलं होतं. मी समोर होतो. “स्टिकरकडे बघू नकोस. गाडी तापली की बाजूला घे, बॉनेट उघड, थांब.”

“बाबा, ताफ्यात असतो आम्ही. मधेच थांबलं की मागच्या चाळीस गाड्या थांबतात. आणि इंजिन उकळवलं तर ड्रायव्हरच्या नावावर लागतं. पुस्तकात लिहिलेलं का केलं नाही म्हणून.”

“आणि तू उकळलास तर?”

“माझं पुस्तक नाही आलेलं,” दादा म्हणाला, आणि हसला.

मे महिन्यात चौसष्ट किलोमीटरचा चढ होता. बाहेर सत्तेचाळीस. दादाच्या गाडीत मागे पाण्याचे पिंप होते, भरलेले, झाकणं सील केलेली. चार तास त्यानं एसी बंद आणि हीटर पूर्ण चालू ठेवला. माथ्यावर पोचून ठरलेल्या जागी गाडी लावली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. आणि उतरला नाही. कुणीतरी दार उघडलं तेव्हा तो बसलेला होता आणि त्याचा घाम केव्हाच थांबला होता. अंगात बेचाळीस पूर्णांक तीन ताप. हा आकडा मला कळवला तो साहेबांनी. त्यांचा आवाज बसला होता, तरी पूर्णांक तीन त्यांनी सोडलं नाही.

चौकशी झाली. गाडी तपासली. पाणी, तेल, पंखा, सगळं व्यवस्थित. इंजिन एकदाही एकशे नऊच्या वर गेलं नव्हतं. चौकशीवाले आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. सदतीस नंबर, मामा, मी, मांडीखालचा हात. मोठ्या अधिकाऱ्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “नियमांच्या पुस्तकातल्या कुठल्या पानाचा हा भंग आहे?”

“कुठल्याच नाही.”

“मग तुम्ही नेमकं काय कबूल करताय?”

त्यांनी चहा मागवला. त्यानंतर स्टिकर बदललं. आता त्यावर सूर्य नाही आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, ‘ड्रायव्हरने पुरेसे पाणी प्यावे.’

दादा अडीच महिन्यांनी घरी आला. चालतो, पण जमीन हलत असल्यासारखा. चमचा तोंडापर्यंत नेताना अर्धा वाटेत सांडतो. जुनं सगळं आठवतं, शाळा, मारामाऱ्या, माझी सायकल कुणी विहिरीत टाकली ते. नवं टिकत नाही. सकाळी सांगितलेलं दुपारी नसतं. आणि त्याला सतत उकडतं. पंखा, ओला पंचा, उघड्या खिडक्या, काही केलं तरी. डॉक्टर म्हणाले, शरीरातलं तापमान सांभाळणारं यंत्र बिघडलंय, त्याला सुटा भाग मिळत नाही.

मी दर रविवारी जातो. पहिल्या रविवारी त्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि माझ्या तोंडावर पाण्याचा तांब्या मारला. नेम चुकला, पण इच्छा पोचली. मला बरं वाटलं. पुढच्या रविवारी त्यानं मला पाहून विचारलं, “काय रे, नोकरी लागली का कुठे?” त्याला काहीच आठवत नव्हतं. मी पुन्हा सांगितलं. त्या वेळी तो हसला, खूप हसला, खोकला येईपर्यंत. तिसऱ्या खेपेला रडला. चौथ्या खेपेला म्हणाला, “जाऊ दे, तू लहान आहेस.” मी एकोणतीस वर्षांचा आहे.

मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. “तू त्याला हे दर आठवड्याला का ऐकवतोस?”

“त्याला कळायला हवं ना, मामी.”

“त्याला नाही कळायचं. तुला बरं वाटतं म्हणून ऐकवतोस. त्याला प्रत्येक वेळी नव्यानं लागतं रे.”

मामा ओट्याला टेकून उभे होते. त्यांनी बदली मागून घेतली आहे, आता गेटवर बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितात.

त्यामुळे पाचव्या रविवारी मी ठरवून गेलो की बोलायचं नाही. दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता, उघडा, खांद्यावर ओला पंचा. मी त्याच्या बाजूला स्टूल घेऊन बसलो. दोघं समोर बघत, गाडीत बसल्यासारखे. समोर भिंत होती.

“उकडतंय,” तो म्हणाला.

“हो ना.”

“हीटर कुणी लावला रे?”

त्यानं सहज विचारलं होतं. त्याच्या मनात काय होतं, कुठला रस्ता, कुठला घाट, देव जाणे. मामी दारात येऊन थांबल्या होत्या.

“मी लावला,” मी म्हणालो.

“मग बंद कर की.”

मी हात पुढे केला. समोर काही नव्हतं, खिडकीची कडी होती. ती धरून डावीकडे फिरवली, चारवरून शून्यावर.

“झाला?”

“झाला.”

त्यानं डोळे मिटले. श्वास सोडला. मला वाटलं झोपला.

“आता गाडी तापेल,” मी म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. सवय.

“तापू दे,” दादा म्हणाला. “बाजूला घे. पाणी पिऊ जरा.”

मामी पाणी आणायला आत गेल्या.